जाड खोडांसाठी मोठं चेनसॉ: ताकद बघू, वजन बघू की दुरुस्ती?

कोयनाकाठ
राम राम मंडळी. आमचं काम पाटण-कराड पट्ट्यातलं. बांधावरची झाडं उक्ती घ्यायची, परवानगी आली की तोडायची आणि लाकूड वखारीला घालायचं. टोळीत चौघं आहोत. हाताशी दोन मशिनं आहेत, स्टिलचं एमएस २५० आणि एक चिनी, ज्याच्यावर ५८ सीसी असं छापलंय. निलगिरी, सुबाभूळ, सिल्व्हर ओकवर दोन्ही मजेत चालतात. पण यंदा चिंचा आणि जुन्या बाभळी जास्त आल्यात. अडीच-तीन फुटी बुंधा लागला की २५० दमतं आणि चिनी तापून बंद पडतं.
मोठं मशीन घ्यायचं पक्कं केलंय. तीन नावं डोक्यात आहेत. स्टिल एमएस ३८२, ७२.२ सीसी, ३.९ किलोवॅट, वजन ६.२ किलो. हुस्कवर्ना ३६५, ७०.७ सीसी, ३.६ किलोवॅट, ६.४ किलो. तिसरं स्टिल एमएस ४६२, इंजिन तेवढंच ७२.२ सीसीचं पण ४.४ किलोवॅट आणि वजन ६ किलो. कागदावर ४६२ सगळ्यांच्या पुढं आहे, आणि किमतीतही.
दिवसभर मशीन हातात धरणाऱ्यांनी सांगावं, काय बघून घेऊ?

वखारवाला विटा
चिनीच घ्या अजून दोन. एका मोठ्या जर्मन मशिनच्या पैशात चार-पाच येतात. एक बसलं की दुसरं ओढायचं, काम थांबत नाही. आमच्याकडं लाकूड घालणाऱ्या निम्म्या टोळ्या असंच करतात.

कुपवाड लेथ
वखारवाले दादा, हे सरपणाच्या कामाला ठीक आहे, चिंचेला नाही. माझ्याकडं दुरुस्तीला अशी मशिनं येतात. ५८ लिहिलेल्या एकाचा सिलिंडर काढून मी व्हर्नियर लावला. बोअर, म्हणजे सिलिंडरचा आतला व्यास, ४५.२ मिलिमीटर आणि स्ट्रोक, म्हणजे पिस्टनची धाव, ३४. गुणाकार करून बघा, साडेचोपन्न सीसी येतात. म्हणजे डब्यावरचा आकडा आणि आतला आकडा यांची गाठच पडत नाही. त्याहून मोठा त्रास सुट्या भागांचा. एकाच रंगाच्या, एकाच नावाच्या दोन मशिनांचा कार्ब्युरेटर एकमेकाला बसेल याची खात्री नाही. क्रँकचं ऑइल सील कडक होऊन हवा ओढायला लागतं, मिश्रण पातळ होतं, म्हणजे पेट्रोल कमी आणि हवा जास्त, आणि पिस्टन धरतो, म्हणजे सिलिंडरमध्ये अडकून बसतो. गिऱ्हाईक म्हणतं ऑइल कमी पडलं. ऑइल बरोबर असतं, हवा चुकीच्या वाटेनं आत येत असते.
कोयनाकाठ, तुमचं चिनी मशीन तापून बंद पडतं म्हणालात. गरम असताना बंद पडून थंड झाल्यावर पुन्हा चालू होतं का? तसं असेल तर आधी इग्निशन कॉइल तपासा.

कोयनाकाठ
होय, चहा होईपर्यंत थांबलं की परत चालू होतं.

कुपवाड लेथ
मग कॉइलच बघा. आणि सिलिंडरच्या पंख्यांमध्ये भुसा-तेलाचा लगदा बसलाय का तेही. हवा खेळली नाही तर कुठलंही मशीन तापणार.

शिराळ्याचा संभा
आमच्या आज्ज्याच्या टायमाला दोघं जण आरी ओढायचे आन तिसरा गाणं म्हणायचा. चिंच पडायला दोन दिस लागायचे पर मशीन तापून बंद पडलं असं कदी झालं न्हाई.

जतकर
संभा, गाणं म्हणणाऱ्याला हजेरी किती पडायची तेवढं सांग.
आता मुद्द्याचं. आमच्या जत-आटपाडीकडं बाभूळ आणि वेडी बाभूळ. वाळलेली वेडी बाभूळ म्हणजे कापताना ठिणगी दिसते की काय असं वाटतं. मी ३८२ वापरतो, भाऊ ३६५ वापरतो. २० इंची बारवर, म्हणजे चेन फिरते त्या पट्टीवर, दोन्ही मशिनं वाळल्या लाकडात बार पूर्ण बुडवून कापतात. फरक जाणवतो तो दाब दिल्यावर. ३६५ जरा लवकर आवाज खाली आणतं, ३८२ ओढत राहतं. पण भावाच्या मशिनचा धक्का हाताला कमी लागतो, हे मी चालवून बघितलंय. तो ते सोडायला तयार नाही.
खरं सांगायचं तर ताकदीतला हा फरक एका बोथट चेननं पुसून जातो. कानस हातात नीट धरता येत नसेल तर ४६२ घेऊनही रडत बसाल. खाली काय पडतंय ते बघा. पिठासारखा भुसा पडायला लागला की धार गेली. चांगल्या चेनची ढपली पडते, बोटात धरता येईल अशी.

बागायतदार तासगाव
थोडं विषय सोडून विचारतो. द्राक्षबागेतले जुने खुंट काढायला बॅटरीचं मशीन चालेल का? पेट्रोल-ऑइलची कटकट नको वाटते.

जतकर
खुंटाला, छाटणीला चालेल. बॅटऱ्या दोन ठेवा. फक्त जमिनीलगत कापताना चेन मातीत घालू नका.

भिलवडीकर
मातीवरून आठवलं, हे नदीकाठच्या लोकांनी नीट वाचा. २०१९ आणि २०२१ च्या पुरात आमच्याकडची झाडं कितीतरी दिवस पाण्यात उभी होती. पाणी उतरलं पण गाळ सालीच्या भेगांत तसाच राहिला. वरून झाड स्वच्छ दिसतं. बुंध्याला चेन लावली की दुसऱ्या कापाला धार गेलेली असते. लोक चेनला शिव्या घालतात. दोष वाळूचा असतो.
आम्ही आता बुंध्याला कापायच्या जागी कुऱ्हाडीनं हातभर पट्टा सोलून घेतो, सगळीकडून. मग मशीन लावतो. आणि चौकोनी कोपऱ्याच्या दाताची चेन न घेता गोल कोपऱ्याची घेतो. ती कापायला थोडी मंद, पण मळक्या लाकडात धार जास्त वेळ धरते. दुसरा शत्रू म्हणजे तार. बांधावरच्या झाडात कुंपणाची तार आणि खिळे गिळलेले असतात. लाकूड एखाद्या जागी निळं-काळं दिसलं की थांबा, आत लोखंड आहे.

डॉक्टर मिरज
जतकर यांनी भावाच्या मशिनबद्दल जे लिहिलं ते मला सगळ्यात महत्त्वाचं वाटलं. माझ्याकडं येणाऱ्या लाकूडतोड्यांत आणि ब्रेकर चालवणाऱ्यांत एक तक्रार कायम असते. सकाळी थंडीत बोटं पांढरी पडतात, मुंग्या येतात, शर्टाचं बटण लावता येत नाही. वर्षानुवर्षांच्या कंपनानं बोटांच्या बारीक रक्तवाहिन्या आणि नसा खराब होतात. सुरुवातीला काम थांबवलं तर आटोक्यात राहतं. पुढं गेल्यावर औषधानं फारसं काही होत नाही.
युरोपात कामगाराच्या हाताला दिवसभरात किती कंपन चालेल याची मर्यादा कायद्यानं घातली आहे. आठ तासांच्या हिशेबानं २.५ मीटर प्रति सेकंद वर्ग झालं की मालकानं उपाय सुरू करायचे आणि ५ च्या पुढं काम द्यायचंच नाही. चांगल्या कंपन्यांच्या माहितीपत्रकात दोन्ही मुठींचा कंपनाचा आकडा दिलेला असतो. कोयनाकाठ, तुम्ही सीसी, किलोवॅट आणि किलो लिहिलंत. चौथा आकडा हा मागून घ्या. मुठीखालचे रबर किंवा स्प्रिंग तुटले असतील तर त्याच दिवशी बदला, आणि माणसं आलटून-पालटून मशीनवर ठेवा.
कानाला मफही हवेत. आवाज १०० डेसिबलच्या वर असतो आणि गेलेलं ऐकू परत येत नाही.

कोयनाकाठ
डॉक्टर, आमच्या एका गड्याला हे मुंग्यांचं आहे. तो म्हणतो थंडीचं आहे. त्याला घेऊन येतो.

निसर्गसखी वाई
मला हा सगळा धागा वाचून वाईट वाटतंय. चिंच, आंबा, बाभूळ. तीन फुटी बुंधा म्हणजे झाडाचं वय किती असेल! २०२० मध्ये रत्नागिरी-नागपूर महामार्गाच्या कामात भोसे गावातला जुना वड वाचवायला लोक उभे राहिले, तेव्हा रस्ता बाजूनं घ्यायचं ठरलं. तसं शेतातल्या चिंचेसाठी कोण उभं राहतं? मशीन जितकं ताकदवान तितकं झाड पडणं सोपं.

कोयनाकाठ
ताई, तुमचं बोलणं मनाला लागतं, आणि मी टाळत नाही. चिंच आणि आंबा १९६४ च्या झाडतोड कायद्याच्या यादीत आहेत. साग, हिरडा, फणस, जांभूळ, खैर हेही. परवानगीचा कागद हातात असल्याशिवाय आम्ही दोरखंड बांधत नाही. यंदाच्या चिंचांतल्या बऱ्याच पोकळ झाल्यात, दोन तर घरावर कललेल्या आहेत. चांगलं उभं झाड असेल तर मी शेतकऱ्याला फांद्या हलक्या करून ठेवा असं सांगतो. काही ऐकतात. काहींच्या घरी लग्न असतं, पैसे हवे असतात.

निसर्गसखी वाई
परवानगी घेऊन करता हे ऐकून बरं वाटलं. मग एक मागणी. तोडलेल्या प्रत्येक झाडामागं रोप लावायचं शेतकऱ्याच्या गळी उतरवा. तुमचं ते ऐकतील, माझं नाही.

जावळीचा गडी
ताई, मशीन झाड वाचवायलापण लागतं आणि माणूस वाचवायलापण. पावसाळ्यात आंबेनळी घाटात, कास रस्त्याला झाड आडवं पडलं की रुग्णवाहिका अडकते. आमच्या गावच्या पोरांकडं एक छोटं मशीन आहे, पोलीस पाटलांचा फोन आला की निघतो.
नव्या पोरांना सांगतो, पडलेलं झाड उभ्या झाडापेक्षा धोक्याचं. खोड दोन्ही टोकांना टेकलेलं आणि मध्ये अधांतरी असेल तर वरच्या अंगाला दाब असतो, खालच्या अंगाला ताण. आधी वरून थोडं कापायचं, बार अडकायच्या आत थांबायचं, मग खालून वर येत संपवायचं. एकच टोक टेकलंय आणि दुसरं लोंबतंय तर उलटं, आधी खालून, मग वरून. आणि वाकून दाबलेली फांदी एका झटक्यात कापू नका. ती सुटली की जबडा फोडते.

महाबळेश्वरी
जावळीचा गडी यांच्याशी सहमत. माझा मुद्दा उंचीचा. महाबळेश्वर सुमारे १३५० मीटरवर, सांगली साडेपाचशेच्या आसपास. वर हवा विरळ. सांगलीत सेट केलेलं मशीन वर आणलं की मिश्रण जाड होतं, धूर येतो, जोर कमी पडतो. ते त्रासाचं आहे पण मशीन मरत नाही. खरा धोका उलट्या प्रवासात. वर हवेप्रमाणे कार्ब्युरेटरचा पेट्रोलचा स्क्रू कमी केला आणि तेच मशीन खाली कृष्णाकाठी उन्हात पूर्ण रेसवर चालवलं तर मिश्रण पातळ पडतं. आवाज छान तीक्ष्ण येतो, माणूस खूश होतो आणि थोड्या वेळात पिस्टन धरतो.
एमएस ४६२ मध्ये एम-ट्रॉनिक आहे, ते मिश्रण आपोआप जुळवतं. जे घाट चढ-उतार करतात त्यांना त्याचे पैसे वसूल होतात. कोयनाकाठ, तुमचं काम पाटणच्या पठारावर किती आणि खाली किती यावर ठरवा.

कोयनाकाठ
बहुतेक सगळं खालीच. वर कधीतरी.

कुपवाड लेथ
मग ४६२ ची ती सोय तुम्हाला रोजची नाही. आणि एम-ट्रॉनिक बिघडलं तर कंपनीच्या निदान-यंत्राशिवाय माझ्यासारख्याला हात घालता येत नाही. ३८२ ला साधा कार्ब्युरेटर आहे, त्यातला डायफ्राम, म्हणजे पातळ पडदा, बदलला की परत उभं राहतं.

मास्तर आष्टा
थोडं विषयांतर करू द्या. भिलवडीकरांनी चेनच्या दातांचा विषय काढला म्हणून. आज आपण जी चेन वापरतो तिचा आकार एका अळीवरून आला. अमेरिकेतल्या ओरेगन राज्यात जोसेफ कॉक्स नावाचा लाकूडतोड्या होता. लाकूड पोखरणारी अळी त्याच्या नजरेस पडली. ती लाकडात सरळ घुसत नव्हती, डावीकडं-उजवीकडं जबडा फिरवत आडवं-उभं दोन्ही लाकूड खात पुढं जात होती. त्याने तसे वळलेले दात करून एक डावा, एक उजवा असे बसवले. १९४७ मध्ये त्याने ही चेन विकायला काढली. त्याआधीच्या चेनचे दात साध्या करवतीसारखे ओरबाडायचे. डावा-उजवा दात एकसारख्या लांबीचा ठेवा असं जे सांगतात त्याचं कारण इथंच आहे. एका बाजूचे दात जास्त घासले गेले की काप वाकडा जातो, बार अडकतो आणि आपण बारला दोष देतो.

शिराळ्याचा संभा
मास्तर, आमच्या वाश्यातली अळी गेली कित्येक वर्सं शिकवायला बसलीय, आमीच बघत न्हाई.

वखारवाला विटा
बार-चेनच्या तेलाचं कुणी बोललं नाही. जळकं ऑइल घालावं का? गॅरेजमध्ये फुकट मिळतं. आमच्याकडं सगळे तेच घालतात.

कुपवाड लेथ
घालू नका. जळक्या ऑइलमध्ये इंजिनच्या घासणीतली धातूची भुकटी असते, तीच तुमच्या ऑइल पंपातून फिरते. शिवाय ते पातळ असतं, चेन टोकाला वळताना उडून जातं. बारच्या तेलात चिकटपणा मुद्दाम ठेवलेला असतो. वर ते कपड्यांवर, हातावर, शेतातल्या मातीत जातं. फुकटचं ऑइल बारच्या किमतीत पडतं.
तेल येतंय का ते बघायला बारचं टोक स्वच्छ लाकडापासून वीतभर धरा आणि रेस द्या. लाकडावर तेलाची रेघ उमटली पाहिजे.

वखारवाला विटा
हे पटलं. पोरांना सांगतो.

जतकर
पेट्रोलचंही सांगतो, कारण मोठ्या मशिनचा पिस्टन महाग. स्टिलचं स्वतःचं टू-स्ट्रोक ऑइल असेल तर ५० ला १, म्हणजे लिटरला २० मिली. दुसरं ऑइल असेल तर त्यांचं पुस्तक २५ ला १ सांगतं, लिटरला ४० मिली. झाकणानं अंदाजे ओतू नका, औषधाचं मापाचं भांडं ठेवा. आणि आता पंपावर ई-२० मिळतं. इथेनॉल आपल्याच कारखान्यांचं असेल, पण ते ओलावा ओढतं. पंधरा दिवस मशीन ठेवायचं असेल तर टाकी रिकामी करा आणि आपोआप बंद पडेपर्यंत चालू ठेवा. डायफ्राम त्यानं वाचतो.

कोयनाकाठ
सगळ्यांचं वाचलं. पण वजनाचं कुणी नीट सांगितलं नाही. ६.२ आणि ६.४ मध्ये फरक तो काय?

भिलवडीकर
दोनशे ग्रॅमचा फरक विसरा. कागदावरचं वजन बार-चेन-पेट्रोलशिवायचं असतं. २० इंची बार, चेन, भरलेल्या दोन्ही टाक्या धरल्या की ३८२ आठ किलोच्या वर जातं. पण हे आठ किलो बुंधा कापताना जाणवत नाहीत, कारण मशिनच्या पुढच्या दातेरी खुंट्या लाकडात रोवून मशीन लाकडावरच टेकलेलं असतं. जाणवतात फांद्या साफ करताना, कारण तेव्हा सगळं हातावर असतं आणि दर फांदीला उचलून फिरवायचं असतं. थकलेल्या हातातून टोक दुसऱ्या फांदीला लागतं आणि मशीन उसळून तोंडाकडं येतं. बारच्या टोकाचा वरचा चतकोर भाग कशालाही लावायचा नाही, हे गड्यांना पहिल्या दिवशी दाखवा. चेन ब्रेक रोज सकाळी तपासा.
म्हणून २५० विकू नका. पाडायला आणि ओंडके करायला मोठं, फांद्यांना २५०. ४.६ किलोचं ते मशीन फांदीवर मोठ्यापेक्षा जास्त काम देईल.

जतकर
हेच लिहायला आलो होतो. एका मशिननं दोन्ही कामं करायला गेलं की माणूस आधी मोडतो.

कुपवाड लेथ
आणि भरवशाचं म्हणाल तर माझा एक उपाय आहे. कराडला ज्या दुकानातून घेणार तिथं पैसे द्यायच्या आधी तीन वस्तू मागा. क्रँकचं ऑइल सील, कार्ब्युरेटरचा डायफ्राम किट आणि क्लच ड्रम. कपाटातून काढून हातात दिल्या तर तिथं मशीन घ्या. मागवून देतो म्हणाले तर दुसरं दुकान बघा, मग मशीन कुठल्याही कंपनीचं असो. भर हंगामात सीलसाठी आठवडा गेला तर टोळीची हजेरी कुणी द्यायची?

कोयनाकाठ
आज जाऊन आलो. दोन दुकानं झाली. एका ठिकाणी ३६५ चं सील नव्हतं, पुढच्या आठवड्यात म्हणाले. दुसरीकडं ३८२ च्या तिन्ही वस्तू काउंटरवर ठेवल्या. तिथंच ३८२ बुक केलं, २० इंची बारसह. २५० फांद्यांना राहील. चिनीची कॉइल बदलून ते सरपणाला ठेवतो. कंपनाचा आकडा विचारला तर दुकानदारानं पुस्तक उघडून दाखवला, डॉक्टरांचे आभार. जास्तीच्या दोन चेन घ्यायच्यात, ३६५ ची चालेल का? भावकीत एकाकडं नवी पडून आहे.

जतकर
सरसकट चालत नाही. २० इंचीला दोन्हीकडं ३/८ पिच, म्हणजे कड्यांचं माप, आणि खाचेत बसणाऱ्या ७२ ड्राइव्ह लिंकच येतात, पण स्टिलच्या बारची खाच बहुतेक १.६ मिलिमीटरची असते आणि हुस्कवर्नाची १.५ ची. १.५ ची चेन १.६ च्या खाचेत डुलते आणि काप वाकडा जातो. बारच्या मुळाशी आकडे कोरलेले असतात, ते बघून त्याच मापाच्या गोल कोपऱ्याच्या दोन चेन घ्या. आणि स्टिलच्या ३/८ ला ५.२ मिलिमीटरची गोल कानस, २५० ची तिला लावू नका.